ओतला ऑक्टोबरमध्ये, सापडला नोव्हेंबरमध्ये

लो-कोड साधनांचे कौतुक बहुधा फॉर्मपाशी सुरू होते आणि फॉर्मपाशीच संपते. प्रोग्रामिंगची फारशी माहिती नसलेल्या माणसाने दुपारी बसून चार फील्ड मांडली आणि संध्याकाळी ती सुपरवायझरच्या मोबाइलवर दिसू लागली, की सगळ्यांनाच समाधान वाटते. माझे काम त्यानंतर सुरू होते. त्या फॉर्ममधून जमलेल्या नोंदींवर मालकाला, गुणवत्ता विभागाला आणि हिशेब पाहणाऱ्याला उपयोगी पडतील असे रिपोर्ट आणि डॅशबोर्ड बांधायचे, हे ते काम. ते करता करता माझे मत असे बनले आहे की कोणतेही व्यावसायिक ॲप बांधताना रिपोर्ट आधी ठरवावा आणि फॉर्म त्यावरून काढावा. हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून एकच उदाहरण घेऊन ते तपशिलात मांडतो: फाउंड्रीतला, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातला, रिजेक्शनचा (खराब म्हणून बाद होणाऱ्या नगांचा) रिपोर्ट.

कोल्हापूरच्या आसपास, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत, बिडाचे कास्टिंग ओतणाऱ्या लहान-मध्यम फाउंड्री मोठ्या संख्येने आहेत. वाहनांचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग येथे ओतले जातात. अशा कारखान्यांत हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये, उत्पादन एक्सेलमध्ये आणि रिजेक्शन एका जाड रजिस्टरमध्ये अशी वाटणी पुष्कळदा आढळते, आणि लो-कोड साधन नेमके या फटीत शिरते. मी बहुतेक काम फ्रॅपे या मुंबईत घडलेल्या, मुक्तस्रोत चौकटीवर करतो. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरच्या पोटातून ती वाढली. लहान उद्योगाला परवाना-शुल्काशिवाय ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते, हे तिच्या प्रसाराचे साधे कारण आहे. तिच्यात ‘डॉकटाइप’, म्हणजे नोंदीचा एक प्रकार, तयार केला की फॉर्म, यादी, परवानग्या आणि मारियाडीबी या डेटाबेसमधील टेबल असे सगळे एकदमच उभे राहते. ही सोय मोठी असली, तरी तिच्यामुळेच फॉर्म काढताना घेतलेला प्रत्येक निर्णय थेट डेटाबेसच्या रचनेत जाऊन बसतो आणि पुढे रिपोर्टच्या वाटेत उभा राहतो.

आता मालकाचा प्रश्न. तो नेहमी एका ओळीचा असतो: या महिन्याचे रिजेक्शन किती टक्के? डॅशबोर्डवर एक मोठा आकडा, खाली बारा महिन्यांची रेषा, एवढेच त्यांना हवे असते आणि त्यांची अपेक्षा चुकीचीही नसते. पण फाउंड्रीत नग ओतला जातो एका दिवशी आणि तो खराब आहे हे कळते भलत्याच दिवशी. काही दोष नॉक-आउट झाल्यावर, म्हणजे साचा फोडून नग बाहेर काढल्यावर, काही फेटलिंग (जादा धातू काढून घासणे) व शॉट ब्लास्टिंग (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने सफाई) यांनंतर डोळ्यांना दिसतात. कातडीखाली लपलेली ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेले छिद्र, किंवा आकसण्याची पोकळी मात्र ग्राहकाच्या मशीनशॉपमध्ये पहिला कट बसल्यावरच उघडी पडते, म्हणजे कधी तीन आठवड्यांनी, तर कधी दोन महिन्यांनी. गुणवत्ता विभागातल्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवून विचारावे, “साहेब, हा माल कुठल्या महिन्यात धरायचा?”, तेव्हा त्या प्रश्नाला डॅशबोर्ड बनवण्याच्या साधनापाशी उत्तर नसते.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले तर काय होते, ते एका कल्पित पण अगदी शक्य कोटीतल्या हिशेबाने पाहू. समजा, एक फाउंड्री महिन्याला १२,००० नग ओतते आणि तिचे खरे रिजेक्शन कायम ५ टक्के आहे. खराब नगांपैकी ४० टक्के त्याच महिन्यात सापडतात आणि ६० टक्के पुढच्या महिन्यात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ओतलेल्यांपैकी ६०० नग खराब, त्यांतले २४० ऑक्टोबरमध्येच सापडले आणि ३६० नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये दिवाळी आली, कामगार गावी गेले, भट्टी अर्धा महिना बंद राहिली आणि ६,००० नगच ओतले गेले. त्यांतले ३०० खराब: १२० नोव्हेंबरमध्ये सापडले, १८० डिसेंबरमध्ये. डिसेंबरला पुन्हा १२,००० नग ओतले. आता ‘महिन्यात सापडलेले खराब नग भागिले महिन्यात ओतलेले नग’ असा सरळ रिपोर्ट लावला, तर (सप्टेंबरही ऑक्टोबरसारखाच गेला असे धरून) ऑक्टोबरला ५ टक्के, नोव्हेंबरला ४८० भागिले ६,००० म्हणजे ८ टक्के आणि डिसेंबरला ४२० भागिले १२,००० म्हणजे ३.५ टक्के दिसतात. वाळू, धातू, माणसे, मशीन यांपैकी काहीही बदललेले नाही. तरी नोव्हेंबरमध्ये मोल्डिंगच्या सुपरवायझरला बोलणी बसतात आणि डिसेंबरमध्ये त्याचे कौतुक होते, कारण अंश एका महिन्याचा आणि छेद दुसऱ्या महिन्याचा होता.

उपाय माहीत असलेलाच आहे. प्रत्येक खराब नग त्याच्या हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवून ओतलेल्या धातूच्या खेपेला, जोडायचा आणि तो ज्या दिवशी सापडला त्यापेक्षा ज्या दिवशी ओतला गेला त्या महिन्यात धरायचा. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तिन्ही ५ टक्क्यांवर येतात. पण या दुरुस्तीसोबत एक नवी अडचण येते, आणि ती मालकाला आधीच समजावून सांगावी लागते: चालू महिन्याचा आकडा नेहमीच सुंदर दिसतो. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी डिसेंबरचे रिजेक्शन फक्त २ टक्के असते, कारण बाकीचे ३ टक्के अजून ग्राहकाच्या यार्डात पडून आहेत. म्हणून या रिपोर्टमध्ये मी एक तक्ता हमखास देतो. आडव्या ओळीत ओतल्याचा महिना, उभ्या स्तंभांत त्याच महिन्यात सापडलेले, एका महिन्याने सापडलेले, दोन महिन्यांनी सापडलेले. विमा कंपन्यांचे गणिती दाव्यांचा अंदाज बांधायला असाच त्रिकोणी तक्ता वापरतात. त्यात ऑक्टोबरची तुलना डिसेंबरशी करायची असेल, तर दोघांच्या पहिल्या स्तंभाची पहिल्याशी करता येते. रेषेच्या आलेखात शेवटचे दोन महिने तुटक किंवा फिकट दाखवायचे आणि त्यांच्यासाठी हिरवा-लाल रंग अजिबात वापरायचा नाही, एवढा नियम पाळला तरी महिनाअखेरच्या बैठकीतला निम्मा वाद टळतो.

आता या रिपोर्टने फॉर्मवर काय लादले ते पाहा. रिजेक्शनच्या नोंदीत हीट नंबर लागणारच, आणि तो टाइप करायचा मजकूर असून चालत नाही. हीटच्या डॉकटाइपशी जोडलेले ‘लिंक’ फील्ड हवे, नाहीतर ‘H-1042’, ‘एच १०४२’ आणि नुसते ‘१०४२’ असे तीन वेगळे हीट रिपोर्टमध्ये उगवतात. ते फील्ड सक्तीचे करण्याचा मोह लगेच होतो. पण कास्टिंगवर ओतलेला किंवा पंच केलेला हीट नंबर शॉट ब्लास्टिंगनंतर पुष्कळदा वाचता येत नाही, आणि ग्राहकाकडून परत आलेल्या नगावर तर तो मशीनिंगमध्ये कापलाही गेलेला असतो. अशा वेळी फॉर्म पुढे जाऊ देत नसेल, तर तपासनीस कोणता तरी अलीकडचा हीट नंबर निवडून मोकळा होतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्यासमोर अजून शंभर नग पडलेले असतात. म्हणून ‘हीट माहीत नाही’ हा पर्याय मी सन्मानाने देतो आणि रिपोर्टमध्ये त्याची स्वतंत्र ओळ ठेवतो. ती ओळ फुगू लागली तर पंचिंगकडे लक्ष द्यायला हवे हे कळते, जे एरवी कळलेच नसते. खोट्या हीट नंबरांनी भरलेल्या शंभर टक्के पूर्ण डेटापेक्षा दहा टक्के ‘माहीत नाही’ असलेला डेटा मला केव्हाही चालेल.

दुसरी गोष्ट, दोष आणि कारण यांची. जवळजवळ प्रत्येक रजिस्टरमध्ये ‘रिजेक्शनचे कारण’ असा एकच रकाना असतो आणि ॲप बांधणारा तो जसाच्या तसा फॉर्ममध्ये उतरवतो. त्या रकान्यात ‘ब्लो होल’, ‘कोल्ड शट’ (धातूचे प्रवाह नीट एकजीव न होणे), ‘मिसमॅच’ (साच्याचे दोन भाग सरकणे) यांच्या शेजारी ‘वाळू ओली’, ‘ओतणे गार’, ‘कोअर हलला’ (कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला गाभा) असेही लिहिलेले असते. पहिली यादी जे दिसते त्याची आहे, दुसरी तसे का झाले त्याची. तपासनीस पहिल्याविषयी खात्रीने बोलू शकतो, दुसऱ्याविषयी फक्त तर्क करू शकतो. ब्लो होल वाळूतल्या ओलाव्याने पडते, वाळूतून वायू बाहेर पडायला वाट कमी असली तरी पडते आणि कोअरमधून निघालेल्या वायूनेही पडते. यांतले कोणते, हे वाळूची चाचणी आणि त्या हीटची नोंद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कोल्ड शट म्हटले की ओतण्याचे तापमान आठवते, पण करड्या बिडासाठी साधारण १,३५० ते १,४२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ओतलेल्या हीटमध्येही पातळ भिंतीच्या नगाला तो येऊ शकतो. म्हणून दोष हे तपासनीसाने निवडायचे फील्ड आणि कारण हे मेटलर्जिस्टने नंतर भरायचे वेगळे फील्ड, वेगळ्या परवानगीसह. दोन्ही एकत्र ठेवले, तर जास्तीत जास्त नुकसान करणारे दोन-तीन दोष शोधण्यासाठी लावलेला पॅरेटो आलेख अर्धा निरीक्षणांचा आणि अर्धा अंदाजांचा होतो, आणि त्यावरून खर्चाचे निर्णय घेतले जातात.

पाळीचा प्रश्न लहान पण चिवट आहे. तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७ असेल, तर पहाटे २ वाजता ओतलेली हीट कारखान्याच्या भाषेत आदल्या दिवसाची असते आणि कॅलेंडरच्या भाषेत दुसऱ्या दिवसाची. फॉर्ममध्ये तारखेचे फील्ड आपोआप येणाऱ्या ‘आज’ या तारखेवर सोडले, की तिसऱ्या पाळीचा माल दोन दिवसांत विभागला जातो आणि रोजचा टनेज रिपोर्ट रजिस्टरशी कधीच जुळत नाही. उत्पादन-दिनांक हे वेगळे फील्ड ठेवून ते वेळेवरून आपोआप भरावे. माणसाला विचारू नये.

यानंतर एकक. नगांत मोजायचे, किलोत की रुपयांत? यावर मालक, गुणवत्ता विभाग आणि हिशेब पाहणारे यांचे एकमत झालेले मी पाहिलेले नाही, आणि व्हावे असेही मला वाटत नाही. लहान नग जास्त खराब होत असतील तर नगांची टक्केवारी मोठी आणि वजनाची लहान दिसते. भट्टीचा विचार करणाऱ्याला वजन कळते, मोल्डिंग लाइनवरच्याला नग. रुपयांचा हिशेब सर्वांत फसवा. खराब कास्टिंग भंगारात विकले जात नाही, ते रनर-रायझरसोबत (ओतण्याच्या वाटांत गोठलेल्या धातूसोबत) फाउंड्री रिटर्न म्हणून पुन्हा भट्टीत जाते. त्यामुळे घरात सापडलेल्या खराब नगाला विक्रीच्या भावाने गुणले, तर नुकसान फार फुगते. धातू परत मिळाला आहे, गेली ती वीज, मजुरी, वाळू-रसायने आणि भट्टीची वेळ. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ५५० ते ७०० युनिट वीज लागते हे धरले, तर नुसत्या पुन्हा वितळवण्याचा खर्चही क्षुल्लक नसतो. ग्राहकाकडे सापडलेल्या नगाचे गणित याच्या अगदी उलट: तेथे विक्रीची किंमत तर परत द्यावी लागतेच, शिवाय ग्राहक स्वतःच्या मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोट पाठवतो. म्हणजे एकाच नगाचा एकच दोष कुठे सापडला यावर त्याची किंमत ठरते. रिपोर्टमध्ये ‘कुठे सापडला’ हे फील्ड हवे, आणि रुपयांचा स्तंभ हवाच असेल तर त्याचे दोन दर हवेत. इतके सगळे मालकाच्या त्या एका ओळीच्या प्रश्नातून निघते, आणि यांतले एकही फील्ड रजिस्टरची नक्कल करून काढलेल्या फॉर्ममध्ये नसते.

साधनाकडे येऊ. फ्रॅपेमध्ये रिपोर्टचे तीन मुख्य प्रकार आहेत. रिपोर्ट बिल्डर कोणीही परवानगीधारक वापरू शकतो: स्तंभ निवडा, फिल्टर लावा, गटवार बेरीज करा. क्वेरी रिपोर्टमध्ये एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागण्याची भाषा, लिहायची असते. स्क्रिप्ट रिपोर्टमध्ये पायथनचे एक फंक्शन स्तंभ, ओळी, वरची टीप, आलेख आणि सारांशाचे आकडे परत देते. लो-कोडचा आग्रह धरणारे बहुतेक लोक पहिल्यावर सगळे भागवू पाहतात. माझा अनुभव असा की यादी स्वरूपातल्या गरजा, म्हणजे ‘आज ओतलेल्या हीट दाखवा’ किंवा ‘या ग्राहकाचे रिजेक्शन दाखवा’, त्यात उत्तम भागतात आणि त्या वापरणाऱ्यांनीच बनवाव्यात. मी त्यांना त्यासाठी तासभर शिकवतो आणि बाजूला होतो. पण ज्या आकड्यात भागाकार आहे, तो स्क्रिप्ट रिपोर्टमध्येच ठेवावा. भागाकार म्हटला की छेद कोणता हा निर्णय आला, आणि तो निर्णय एका ठिकाणी लिहिलेला, तपासता येणारा हवा. प्रत्येकाच्या सेव्ह केलेल्या फिल्टरमध्ये विखुरलेला असून चालत नाही.

एसक्यूएल लिहिणाऱ्यांसाठी दोन जागा दाखवतो, कारण त्या चुकल्या तरी पडद्यावर कोणतीही त्रुटी येत नाही. पहिली ‘डॉकस्टेटस’. फ्रॅपेत सबमिट करण्याजोग्या प्रत्येक नोंदीला ० म्हणजे मसुदा, १ म्हणजे सबमिट आणि २ म्हणजे रद्द अशी स्थिती असते. क्वेरीत ती १ असल्याची अट घातली नाही, तर रद्द केलेली नोंद आणि तिच्या जागी दुरुस्त करून घातलेली ‘-१’ शेपटीची नोंद दोन्ही बेरजेत येतात. दुसरी जागा चाइल्ड टेबलांची, म्हणजे एका मुख्य नोंदीखाली येणाऱ्या अनेक ओळींच्या टेबलांची. एका हीटमध्ये तीन प्रकारचे नग ओतले आणि तिच्यावर चार रिजेक्शन नोंदी आल्या, असे समजा. हीट, नग आणि रिजेक्शन ही तीन टेबले हीट नंबरवर एकाच क्वेरीत जोडली, की तीन गुणिले चार अशा बारा ओळी तयार होतात. ओतलेल्या वजनाची बेरीज चौपट आणि रिजेक्शनची तिप्पट होते. गंमत म्हणजे टक्केवारी तरीही विश्वासार्ह वाटेल अशीच येते, कारण अंश आणि छेद दोन्ही फुगलेले असतात. म्हणून आधी नगांची हीटवार बेरीज करावी, रिजेक्शनची वेगळी हीटवार बेरीज करावी आणि मग त्या दोन बेरजा जोडाव्यात. नवीन रिपोर्ट तयार झाला की मी एक हीट निवडतो, तिचे कागद मागवतो आणि रिपोर्टची ती एकच ओळ पेन घेऊन पडताळतो. एकूण बेरीज पडताळण्यापेक्षा यात जास्त चुका सापडतात.

तयार मिळणाऱ्या डॅशबोर्ड कार्डांविषयी थोडे कडक बोलावे लागेल. फ्रॅपेचे नंबर कार्ड एखाद्या डॉकटाइपची मोजणी किंवा बेरीज दाखवते, भारतासाठी लाख-कोटीत संक्षेप करते, क्लिक केल्यावर मूळ नोंदींची यादी उघडते, आणि हे सारे फारच चांगले आहे. पण त्याखाली ‘मागील महिन्यापासून इतके टक्के’ असा जो लहान हिरवा-लाल बाण येतो, त्यासाठीची तुलना नोंद प्रणालीत कधी तयार झाली यावर केली जाते. नोंदीत लिहिलेल्या तारखेचा त्यात विचार नसतो. ज्या कारखान्यात तिसऱ्या पाळीच्या नोंदी सकाळी आणि ग्राहकाकडच्या नोंदी आठवड्याने एकत्र टाकल्या जातात, तेथे तो बाण टंकलेखनाचा वेग सांगतो, उत्पादनाचा नाही. मी तो बंद ठेवतो. इतर साधनांतही असे कोपरे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समध्ये एखादे गणित मूळ डेटा-स्रोताकडे सोपवता येत नसेल, तर ते न बदललेल्या मांडणीत पहिल्या ५०० नोंदींवरच होते, आणि ही मर्यादा वाढवली तरी २,००० च्या पुढे जात नाही. ॲप बांधणाऱ्याला पिवळा इशारा दिसतो, वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. सुरुवातीचे काही महिने बेरीज बरोबर येते, नोंदी वाढल्या की ती गुपचूप चुकू लागते. असा आकडा पहिल्या दिवसापासून चुकला असता तर बरे झाले असते.

परवानग्यांचे एक सांगून ठेवतो, कारण लो-कोडमध्ये त्या आपोआप मिळतात असा समज असतो. यादी आणि रिपोर्ट बिल्डर वापरणाऱ्याच्या परवानग्या पाळतात. स्क्रिप्टमध्ये नोंदी मागवायला ‘गेट-लिस्ट’ हे फंक्शन वापरले तर त्या पाळल्या जातात, ‘गेट-ऑल’ वापरले तर दुर्लक्षित होतात, आणि सरळ एसक्यूएल लिहिले तर जबाबदारी पूर्णपणे आपली. कास्टिंगचा प्रतिकिलो दर हा फाउंड्रीतला सर्वांत नाजूक आकडा असतो. रुपयांचा स्तंभ असलेला रिजेक्शन रिपोर्ट सुपरवायझरच्या भूमिकेला दिला, की ग्राहकनिहाय दर उलट भागाकाराने काढता येतात. म्हणून रुपयांचा आणि नगांचा असे दोन वेगळे रिपोर्ट ठेवणे मला सोयीचे वाटते, स्तंभ लपवण्याच्या युक्तीवर मी भिस्त ठेवत नाही.

शॉपफ्लोअरवर टीव्ही लावून त्यावर पाळीनिहाय रिजेक्शन दाखवावे, ही मागणी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होते आणि मी तिला दर वेळी विरोध करतो. ज्या पाळीने प्रामाणिकपणे नोंदी केल्या तिचाच आकडा वाईट दिसतो, आणि हे पाळ्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर खराब नग नोंद न होता सरळ रिटर्नच्या ढिगात जाऊ लागतात. पडद्यावर दाखवायचेच असेल, तर चालू हीटचे तापमान, आजचे टनेज आणि कालच्या मालात सर्वाधिक आढळलेला दोष दाखवावा. ही माहिती समोर उभ्या असलेल्या माणसाला त्या पाळीतच उपयोगी पडते. तुलना आणि टक्केवारी बैठकीच्या खोलीत पाहावी, जिथे आकड्यामागची हीट उघडून पाहायला वेळ असतो. रोजचा ईमेल रिपोर्ट लावायचा तर ‘डेटा असेल तरच पाठवा’ हा पर्याय निवडून फक्त अपवाद पाठवावेत, उदाहरणार्थ एका हीटमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रिजेक्शन. रोज सकाळी न चुकता येणारी मेल लोक उघडेनासे होतात.

मोठ्या कालावधीचा रिपोर्ट जड झाला, म्हणजे चालायला १५ सेकंदांहून अधिक वेळ घेऊ लागला, की फ्रॅपे तो ‘प्रिपेअर्ड रिपोर्ट’ म्हणून पार्श्वभूमीत चालवू लागते आणि आधी तयार झालेली प्रत दाखवते. ती प्रत किती वेळापूर्वीची आहे हे वर लिहिलेले असते, पण ते कोणी वाचत नाही, म्हणून असा रिपोर्ट बैठकीपूर्वी नव्याने चालवण्याचे काम मी एका ठरावीक माणसाकडे सोपवतो. त्याच जागेत, स्क्रिप्ट रिपोर्टच्या टिपेत, मी आकड्याची व्याख्या मराठीत लिहितो: टक्केवारी ओतल्याच्या महिन्याप्रमाणे, ग्राहकाकडचे रिजेक्शन धरलेले, शेवटचे दोन महिने अपुरे, ही व्याख्या अमुक तारखेपासून लागू आणि ती ठरवणारा विभाग अमुक. व्याख्या बदलली की ती ओळ बदलते, जुनी तारीख खाली राहते.

या ओळीची खरी गरज ग्राहकाच्या पत्रकापाशी पडते. वाहन उद्योगातले ग्राहक रिजेक्शन दहा लाखांत किती, अशा मापाने मोजतात. २ टक्के म्हणजे त्यांच्या भाषेत २०,०००. शिवाय त्यांचा छेद त्या महिन्यात त्यांच्याकडे आलेला माल असतो, आपल्या हीट त्यांना ठाऊक नसतात आणि असण्याचे कारणही नाही. त्यामुळे त्यांचा आकडा आणि आपला आकडा जुळणार नाही, आणि जुळवण्यासाठी आपला रिपोर्ट वाकवणे हा दोन्ही बिघडवण्याचा मार्ग आहे. ग्राहकाच्या पद्धतीचा दुसरा रिपोर्ट बांधून द्यावा, त्याच नोंदींवर, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या टिपेसह. दोन आकड्यांत फरक का, अशी विचारणा अधूनमधून येतेच. तेव्हा दोन्ही रिपोर्टांच्या वरच्या ओळी शेजारी ठेवून दाखवल्या, की चर्चा टक्केवारीवरून हलते आणि कोणत्या हीटमध्ये काय बिघडले याकडे वळते.